अडकलेला जेट, टॉर्च आणि तो फिरणारा मेसेज

एटीव्हीवाल्यांमध्ये (म्हणजे चार जाड चाकांच्या त्या उघड्या रानगाड्या) एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. विषय आहे जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये (थोडक्यात कार्ब, इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवलेला बारीक भोकाचा स्क्रू, ज्यातून पेट्रोल मोजून जातं. मजकूर साधारण असा: जेट अडकलाय? डब्ल्यूडी-४० मारा, गॅसच्या टॉर्चने जेट लाल होईपर्यंत तापवा, घरातला सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर लावून जोर द्या, नाहीच निघाला तर ड्रिल मारून काढा. कार्ब फार घाण असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, जेटचं भोक तारेने मोकळं करा, आणि नवीन जेट त्याच साइजचा दिसला की झालं.

यातल्या एकदोन गोष्टी अर्धवट बरोबर आहेत म्हणूनच हा मेसेज जास्त धोक्याचा वाटतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं लिहिणाऱ्याला कळतंय.

पहिल्यांदा ते "लाल होईपर्यंत". जेट पितळेचा असतो, आणि कार्बची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची. पितळ वितळतं ९०० डिग्रीच्या आसपास, आणि ते लालसर दिसायला लागेपर्यंतच ६०० वगैरे डिग्री झालेले असतात. जस्ताची बॉडी तर ४०० च्या आतच वितळते! म्हणजे जेट लाल व्हायची वाट बघाल तर तोवर जेट ज्यात बसलाय तीच वस्तू शिल्लक राहणार नाही. ॲल्युमिनियमची असली तर थोडी जास्त टिकेल इतकंच, पण तीही मऊ पडून वाकडी होते आणि मग फ्लोट बाऊल (कार्बखालची पेट्रोलची वाटी) कधीच नीट बसत नाही, पेट्रोल गळत राहतं.

आता अर्धवट बरोबर काय ते सांगतो. उष्णतेने जेट सुटतो हे खरंय, पण तापवायची बॉडी असते, जेट नाही. सारख्या तापमानाला पितळेपेक्षा ॲल्युमिनियम जास्त फुगतं आणि जस्त त्याहून जास्त, त्यामुळे सगळा कार्ब एकसारखा गरम केला की भोक जेटपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. फरक केसाएवढाही नसतो पण आट्यांमधला सुकलेला थर तडकायला तो पुरतो. त्यासाठी उकळतं पाणी बास, १०० डिग्रीच्या वर जातच नाही त्यामुळे बॉडीला काही होत नाही. फ्लोट, डायफ्रॅम, ओ-रिंग, जे जे रबर-प्लॅस्टिक आहे ते आधी काढायचं, पेट्रोल पूर्ण रिकामं करायचं, कार्ब पाण्यात ठेवून चांगला तापू द्यायचा, बाहेर काढून गरम असतानाच फिरवायचं. नाही सुटला तर थंड होऊ द्या, परत तापवा. आणि एक इशारा, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारून त्यावर टॉर्च अजिबात लावू नका, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. साध्या कार्ब क्लीनरने विष नाही तरी आग नक्की लागेल.

डब्ल्यूडी-४० मारण्यात वाईट काही नाही, फक्त ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे. जेट बहुतेक वेळा गंजाने अडकत नाहीच, गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे लाखेसारखा चिकट थर राहतो तो अडकवतो. तो विरघळवायला कार्ब क्लीनर लागतो, आणि फवारून लगेच पाना उचलायचा नाही, रात्रभर मुरू द्यायचं, मध्ये एकदोनदा परत मारायचं. पांढरी भुकटी दिसत असेल तर मात्र पाणी शिरून धातू खाल्ला गेलाय, तिथे मुरणारं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त कामाचं.

मोठा स्क्रूड्रायव्हर आणि जोर. इथे सगळ्यात जास्त जेट मरतात. पितळ मऊ, खाच उथळ, आणि साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या काठावर टेकतं. जोर दिला की टोक वर चढतं आणि काठ घेऊन जातं. दोनदा निसटलं की खाच गेली. टोक समांतर बाजूंचं हवं, खाचेच्या पूर्ण लांबीचं आणि तळापर्यंत जाणारं. नसेल तर एखादा स्वस्तातला स्क्रूड्रायव्हर घासून तसा करा, घासताना पाण्यात बुडवत राहा नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. पायलट जेट (इंजिन हळू चालताना पेट्रोल देणारा छोटा जेट) तर खोल अरुंद भोकात असतो, तिथे टोकाच्या बाजूही घासाव्या लागतात, नाहीतर वरच्या भिंतीत अडकतं. दाबायची ताकद जास्त, फिरवायची कमी. आधी टोक खाचेत ठेवून मुठीवर हलके दोनतीन ठोके द्या, मग किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. ड्रिल प्रेस असेल तर झकास, स्क्रूड्रायव्हरचं बिट चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) पकडा, मशीन बंद ठेवा (प्लग काढूनच), हँडलने वरून दाब धरा आणि चक हाताने फिरवा, टोक वर चढूच शकत नाही.

मेन जेटबरोबर (जास्त वेगाला पेट्रोल देणारा मोठा जेट) त्याचा खालचा होल्डरही फिरून बाहेर आला तर घाबरायचं नाही, उलट बरं झालं, बाहेर लाकडी तुकड्यांमध्ये धरून वेगळं करता येतं. आणि काही कार्बमध्ये पायलट जेट दाबूनच बसवलेला असतो, आटेच नसतात, तो अडकलेला नाहीये, तो निघणाराच नाहीये. खाच दिसत नसेल तर थांबा.

ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तोही उलट्या आट्यांच्या (सोडायच्या दिशेने फिरत कापणाऱ्या) बिटने, हळू, बरोबर मधोमध. बरेचदा बिट चावा घेतं आणि जेट आपोआप सुटून येतो. एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्क्रू पकडून काढायचं अवजार) ठोकून घुसवू नका, निमुळता असल्याने तो पितळ फुगवून अजून घट्ट करतो, आणि आत तुटला तर तो इतका कडक असतो की त्यात साधं ड्रिल चालत नाही.

व्हिनेगर? जस्त आम्लात विरघळतं. संपला विषय.

तारेबद्दल एवढंच की केहीन या कार्ब बनवणाऱ्या कंपनीच्या ३८ नंबरच्या पायलट जेटचं भोक साधारण ०.३८ मिलिमीटरचं असतं. पोलादी तारेने ते ओरखडलं किंवा जरासं मोठं झालं की पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बिघडतं आणि मग लोक महिनाभर एअर स्क्रूशी (हवा कमीजास्त करायचा स्क्रू) खेळत बसतात. क्लीनर, हवा, फार तर भोकापेक्षा बारीक मऊ नायलॉन, आणि उजेडाकडे धरून बघा गोल दिसतंय का.

राहिला नवीन जेट. दिसायला सारखा म्हणजे सारखा नव्हे. केहीनचे नंबर भोकाच्या मापावर, मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षट्कोनी मेन जेटचे नंबर किती इंधन वाहतं त्यावर, त्यामुळे एकाचा १२० म्हणजे दुसऱ्याचा १२० नाही. नंबर जेटवरच कोरलेला असतो, ड्रिल लावायच्या आधी तो वाचून लिहून ठेवा, नंतर त्याची फक्त पिवळी भुकटी उरते.