नव्वद दिवसांची वही घालून ठेवा

सगळ्यात आधी एक दोनशेपानी वही आणा. लाँगबुक मिळाली तर उत्तमच. कशाला म्हणाल तर जरा सप्टेंबर २०१५ आठवा, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी खात्याने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता (एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा कुलूपबंद करायचा की किल्ली असल्याशिवाय कोणाला वाचता येऊ नये), त्यात देशाचे तीन वर्ग पाडले होते, जी म्हणजे गव्हर्न्मेंट, बी म्हणजे बिझनेस आणि सी म्हणजे आपण सिटिझन लोक, क्रम बरोबरच आहे, आणि आपल्याला एक अगदी साधं काम दिलं होतं. तुमचं जे काही कुलूपबंद होऊन नेटवरून जातं त्याचा मूळ उघडा मजकूर ९० दिवस जपून ठेवायचा, पोलिसांनी मागितला की काढून द्यायचा. तोही पडताळून बघता येईल असा.

आता तुम्ही म्हणाल अरे ते तर मागे घेतलं ना. घेतलं की. २२ सप्टेंबरला तेव्हाचे आयटी मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सांगितलं की हा नुसता मसुदा आहे, सरकारचं अंतिम मत नाही, त्यातल्या काही शब्दांमुळे लोकांचा गैरसमज होतोय, तो मागे घेऊन पुन्हा लिहायला सांगितलाय. लोक नाचले. तुम्ही नाचू नका. ज्या कलमाखाली हे निघालं ते आयटी कायद्यातलं ८४ ए, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवायचा अधिकार सरकारला देणारं कलम, २००८ च्या दुरुस्तीत आलंय आणि जागच्या जागी बसलंय, कुठे जात नाही ते.

तर वही. तारीख, वेळ, कोणाला, काय, असे चार रकाने आखा. मी तेव्हा दीड दिवस प्रामाणिकपणे लिहिलीये, त्यामुळे अनुभवाने सांगतो. नमुना बघा: मंगळवार, संध्याकाळी ७.४०, बायकोला, 'येताना कोथिंबीर आण'. ७.४१, बायकोकडून, 'मी घरीच आहे, बाहेर तू आहेस'. ७.४२, मी, अंगठा. आता हा अंगठा उघड्या मजकुरात कसा लिहायचा हे मसुद्यात नव्हतं, मी शाईचा उठवला. आत्याचा रोजचा गुलाबाचा फोटो आणि खाली शुभ सकाळ, तो मात्र मुलीच्या खडूने काढावा लागला आणि गुलाब कमी कोबी जास्त वाटत होता, म्हणजे पडताळणीत मी गेलोच असतो. शिवाय मेसेज डिलीट केला तर पुरावा नष्ट केल्यासारखं, त्यामुळे फॅमिली ग्रुपवरचं लिंबूपाण्याने सगळे रोग बरे होतात वगैरे सगळं ९० दिवस सांभाळा, ९१ व्या दिवशी तेच पुन्हा येतं ती गोष्ट वेगळी.

बोंबाबोंब झाल्यावर, मसुदा मागे घ्यायच्या आधी, खात्याने घाईघाईने एक पुरवणी काढली होती, की व्हॉट्सॲप, फेसबुक, ट्विटर यातून वगळलंय, नेट बँकिंग, पेमेंट गेटवे, ऑनलाइन खरेदी तेही वगळलंय. सुटलो म्हणेपर्यंत डोक्यात आलं की मग उरलं कोण? ज्याला खरंच काहीतरी मोठं लपवायचंय तो. आणि तो काय करणार तर बेत आखून झाला की दुपारी जेवून शांतपणे वही काढून बसणार, साहेबांना लागेल म्हणून सुवाच्य अक्षरात. गुन्हेगारांवर इतका विश्वास आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा सभासदांवरसुद्धा नाही.

कुलपाचंही स्वतः ठरवायला जाऊ नका. कुठलं कुलूप लावायचं, किल्ली किती मोठी हे सरकार सांगणार होतं, आणि त्या यादीत आरसी४ नावाचं एक जुनं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, पण होतं, जे वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीत वापरू नका असं इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत सांगून टाकलं होतं. म्हणजे दाराला कुलूप लावायचं पण चोराला तोंडपाठ असलेलं. आणि अशी कुलपं विकणाऱ्या कंपनीने सरकारदरबारी नोंदणी करून आपल्या मालाची चालती कॉपी जमा करायची. सरकारची स्वतःची संवेदनशील खाती मात्र या सगळ्यातून बाहेर, त्यांनी वही घालायची नव्हती. त्यांना कामं असतात.

बरं, मसुदा मागे घेतला त्याच्या पाचच दिवसांनी, २७ सप्टेंबरला, पंतप्रधान कॅलिफोर्नियात फेसबुकच्या ऑफिसात होते. योगायोग असतात आयुष्यात. पुढच्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सगळ्यांचेच मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद केले, आणि २०२१ च्या आयटी नियमांत हाच विषय दुसऱ्या दाराने आला, आता मजकूर नको, तो पहिल्यांदा कोणी पाठवला तेवढं सांगा. त्यावर व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. तेव्हा आत्याचा गुलाब मुळात कुठून निघाला याचा एक पाचवा रकाना वहीत आत्ताच आखून घ्या, नंतर जागा पुरत नाही.

आमच्या घरात हे धोरण खऱ्या अर्थाने पाळणारा एकच माणूस, बाबा. त्यांचे सगळे पासवर्ड आणि एटीएमचा पिन कालनिर्णयच्या पानामागे दुधाच्या हिशोबाशेजारी उघड्या मजकुरात, आणि ९० दिवस कसले, डिसेंबरपर्यंत. त्यांना मी तेव्हा धावत जाऊन सांगितलं की बाबा, सरकारने पॉलिसी मागे घेतली. ते चष्मा काढून म्हणाले, ''मग भरलेले हप्ते परत देणारेत का?''