नेट लावायला आधी नेट हवं म्हणे!

नवीन लॅपटॉप घेतला की हे ठरलेलंच, घरातले फोन चालू, टीव्ही चालू, आणि ह्या नव्या साहेबांना तेवढं 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. अरे मग कनेक्ट कशाला झालास? आयपी बघावा तर १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरकडून ह्याला पत्ता मिळालाच नाही, ह्याने आपल्या मनानेच एक लावून घेतलाय. कस्टमर केअरचं एकच पालुपद, सर राउटर बंद करून चालू करा. केला हो, परत केला! मग म्हणे ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचं वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करा, तो कुठून, तर नेटवरून. घ्या!! शेवटी फोनला केबल लावून त्याच्या डेटावर उतरवला.

त्यात आमच्या घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान वायफाय बेडरूमपर्यंत पोचेस्तोवर धापा टाकतं, म्हणून लांब पोचणाऱ्या २.४ वर जावं तर वरच्यांचं, खालच्यांचं, समोरच्या विंगचं, सगळ्यांचं वायफाय त्याच १, ६ नि ११ चॅनेलवर कोंबलेलं, सकाळची ठाणे फास्ट नुसती.

आणि वैतागून गोखले रोडला दुकानात नेला तर तिथल्या वायफायला मेला लगेच चिकटला. दुकानदार माझ्याकडेच बघतोय, सर प्रॉब्लेम काय आहे नक्की?