‘भावा, कधी सायकल चालवलीस का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सिरिल गिमार हा फ्रान्सचा जुना सायकलपटू, पुढे सायकल संघाचा मार्गदर्शक. इनो आणि फिन्यों हे त्याच्या हाताखाली टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत (‘टूर’) जिंकलेले स्वार. त्याच्यावरच्या माझ्या लेखावर मिरजेच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी देतो. “भावा, कधी सायकल चालवलीस का? ज्याला टूर पुरी करता आली नाही तो गाडीत बसून दुसऱ्याला अक्कल शिकवतो, आणि तू त्याच्या आरत्या ओवाळतोस. जिंकले ते इनो आणि फिन्यों, स्वतःच्या पायांवर. १९७२ ला तो शेवटच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी बाहेर पडला, तेवढं तरी नीट लिही. इनो त्याला सोडून गेला ते का लपवलंस? आणि या फ्रेंच माणसाचं सांगलीला काय?”

दोन दिवसांची चूक माझी. तुमचं बरोबर आहे, लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण आपली ओळख नाही, वय माहीत नाही, आणि पहिल्याच वाक्यात ‘भावा’ आणि ‘चालवलीस का’? सांगलीत ‘भावा’ प्रेमानं म्हणतात हे मला कुणी सांगायला नको. तुम्ही ते ज्या सुरात लिहिलंत तो प्रेमाचा नाही. ‘आरत्या’ हा शब्द तर फारच लागला. तीन महिने संध्याकाळी दुकान बंद करून, जुनी वर्णनं वाचून, निकाल ताडून लिहिलेला लेख आहे तो.

आता ‘टूर पुरी करता आली नाही’. १९७१ च्या टूर द फ्रान्समध्ये गिमार सातवा आला होता. पुरी करून. १९७२ ला त्यानं चार टप्पे जिंकले, पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची) घातली, आणि तीही त्या काळचा सगळ्यात मोठा स्वार एडी मर्क्स ऐन भरात असताना. मॉन रव्हारच्या चढावर मर्क्सनं जिंकलो म्हणून हात वर केला आणि गिमारनं अगदी रेषेवर त्याला गाठून टप्पा काढून घेतला. गुडघे इतके गेले होते की सकाळी त्याला उचलून सायकलवर बसवत होते. बाहेर पडला तेव्हा एकंदरीत दुसरा होता आणि गुणांत पहिला असणाऱ्याची हिरवी जर्सी त्याच्या अंगावर होती. पॅरिसला मर्क्सनं ती जर्सी त्यालाच दिली. मर्क्सला जे कळलं ते तुम्हाला का कळू नये?

आणि हाच माणूस १९७६ च्या सुरुवातीला फ्रान्सचा सायक्लोक्रॉस (चिखल-मातीतली सायकल शर्यत) विजेता होता, त्याच वर्षी वयाच्या २९ व्या वर्षी मार्गदर्शक म्हणून संघाच्या गाडीत बसला. त्याच्या संघातला लुसियन व्हॅन इम्प चढाचा राजा, पण त्याचं मन डोंगराच्या बक्षिसात. प्ला दादेच्या टप्प्यावर हल्ला कर म्हणून गिमारनं आधी निरोप धाडला, तो हलेना म्हटल्यावर गाडी पुढे घातली. व्हॅन इम्पनं टप्पा जिंकला, पिवळी जर्सी घेतली आणि टूर चार मिनिटं चौदा सेकंदांनी मारली. पाय व्हॅन इम्पचेच होते, मान्य. पण ते पाय कुठल्या किलोमीटरला खर्चायचे हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं?

इनोचं तर त्याहून मोठं उदाहरण आहे. १९७७ ला पोरानं लीएज आणि दोफिने या मोठ्या शर्यती जिंकलेल्या, सगळा देश म्हणतोय टूरला आणा. गिमारनं आणलं नाही. एक वर्ष थांबवलं. १९७८ ला पहिल्याच टूरमध्ये इनो जिंकला. तीन वेगवेगळे स्वार आणि मिळून सात टूर, सगळ्या गिमारच्या हाताखाली.

तुम्ही विचारलंत, मी सायकल चालवली का. चालवली. सतराव्या वर्षी माधवनगर रस्त्यावर पहाटे साडेचारला उठून, दंडोबाच्या चढावर रविवारी दोन-दोन फेऱ्या. मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायचं एवढंच डोक्यात होतं. शिकवणारे होते, पण त्यांना एकच शब्द यायचा, ‘मार’. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागली तेव्हाही ‘मार’. एका हंगामात गुडघा संपला. तिशीत गेल्यावर अमेरिकी सायकलपटू लेमाँडच्या नावानं चालणारं सीटच्या उंचीचं गणित वाचलं. पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३, तेवढं अंतर क्रँकच्या (पॅडल फिरतात त्या दांड्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. लेमाँडला ते गिमारच्याच संघात मिळालं. माळ्यावरची जुनी सायकल काढली, टेप लावला. माझा पाय ८२ सेंटीमीटर, म्हणजे सीट हवी ७२.४ वर. होती ६७ वर. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यानं स्वतःचे गुडघे घालवले तो पुढे पोरांच्या सीटची उंची मोजायला लागला, यात तुम्हाला ‘अक्कल शिकवणं’ दिसतं?

तुम्ही मिरजेचे. एवढ्या तालमी आसपास आहेत. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून एक शब्द टाकतो आणि पैलवान पट काढतो. त्या वस्तादाला ‘तुम्ही स्वतः हिंदकेसरी झालात का’ असं तोंडावर विचाराल? विचारून बघा.

सांगलीला काय, याचं उत्तर वर आलं.

इनोचं म्हणाल तर, गिमारशी बिनसलं आणि तो दुसऱ्या संघात गेला. हे जगजाहीर आहे, यात लपवण्यासारखं काही नाही, लेखाचा विषय तो नव्हता. आणि १९८४ ला गिमारच्याच फिन्योंनं त्याला दहा मिनिटं बत्तीस सेकंदांनी मागे टाकलं, हेही मग तुम्ही लिहायला हवं होतं.

पुढेही लिहा, चुका दाखवा, मी दुरुस्त करीन. ‘आरत्या’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा. तोवर तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवतो, काढणार नाही.