जावईबापू, फेज बदला

शेजारच्या आजोबांनी बुटाचं खोकं माझ्या हातात ठेवलं, तेव्हाच आत काय आहे ते विचारायला हवं होतं. पण न्यू जर्सीत अकरा वर्षं काढूनही फुकटच्या वस्तूला नाही म्हणायला मी अजून शिकलेलो नाही. आजोबांनी बेसमेंट आवरायला काढलं होतं. खोक्यात काळ्या प्लास्टिकच्या ट्रॅकचे तुकडे, एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि तीन इंचांची पिवळी मस्टँग होती. "गेली चाळीस वर्षं बंद आहे," आजोबा म्हणाले, "पण तू इंजिनिअर आहेस, तुला जमेल."

मी इंजिनिअर आहे हे खरं. पण बेसिक इलेक्ट्रिकल मी दुसऱ्या खेपेला 41 मार्कांनी काढलं आणि त्यातही डीसी मोटारीचा प्रश्न ऑप्शनला टाकला होता. हे आजोबांना इंग्रजीत कसं सांगायचं?

ज्यांचं बालपण माझ्यासारखं टायर आणि काठी यांवर गेलं त्यांच्यासाठी सांगतो. स्लॉट कार म्हणजे खाचेतून पळणारी विजेची गाडी. ट्रॅकला मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची पिन खाचेत बसते, पोटाखालच्याच दोन पत्र्यांना पट्ट्यांतून वीज मिळते आणि हातातला कंट्रोलर दाबाल तितकी गाडी पळते. स्टीअरिंग नाही. वळणावर जरा जास्त दाबलं की गाडी सोफ्याखाली. इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाने 1957 साली स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. अमेरिकेत लाँग आयलंडच्या ऑरोरा कंपनीने 1960 मध्ये याहून चिमुकल्या गाड्या आणल्या. त्या पहिल्या गाड्यांत मोटारच नव्हती. दाराच्या घंटेसारखी एक पट्टी थरथरायची आणि दातेरी चाकाला ढोसत ढोसत गाडी पुढे न्यायची. मग 1963 मध्ये आली थंडरजेट, खरीखुरी मोटार असलेली. साठीच्या मध्यावर सगळी अमेरिका या खेळापायी वेडी झाली होती. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. दुसरी गाडी, लाल जॅग्वार, त्यांनी खोक्यात ठेवली नव्हती. "ती चालते," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मी ते खोकं गुपचूप कपाटात टाकलंही असतं. पण त्या जानेवारीत आमच्या घरी अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. इचलकरंजीला त्यांचा मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा गाळा होता. यंत्रमागाच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, लग्नसराईत जळालेले मिक्सर, सगळं त्यांच्याकडे यायचं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की पंप धडाधड जळायचे आणि अण्णांच्या घरी आमरस व्हायचा, असं माझी बायको सांगते. असा माणूस सहा महिन्यांच्या व्हिसावर बर्फात अडकला होता. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं ठिकाण नाही. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी आमचा एक्झॉस्ट फॅन, दोन टेबललॅम्प आणि एक चालू स्थितीतलं घड्याळ दुरुस्त केलं होतं. घड्याळ अजून बंद आहे.

त्यांना खोक्याचा वास लागला.

"ही मोटार?" गाडीची टोपी काढल्यावर अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जावईबापू, ही मुंगीच्या घरचा मिक्सर हाय."

आमची मस्टँग थंडरजेटच होती, आणि थंडरजेटची मोटार आडवी, चपटी असते. तिचा शाफ्ट उभा आणि आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, पोळीसारखं पसरलेलं. अमेरिकन लोक तिला पॅनकेक मोटार म्हणतात. अण्णांनी पाहताक्षणी तिचं 'धपाटं' असं नामकरण केलं. वरच्या पातळ पत्र्यावर तीन पितळी दातेरी चाकं. तारेची क्लिप काढून तो पत्रा उचलला की खाली पुढे-मागे दोन चुंबकं, मधे बोटाच्या पेरावर मावेल एवढं तीन पोलांचं, म्हणजे तारेच्या तीन कॉइलींचं आर्मेचर, आणि त्याच्याही खाली मसुरीच्या डाळीएवढ्या कार्बनच्या दोन टिकल्या. ते मोटारीचे ब्रश. सगळ्यावर साठ वर्षांपूर्वीच्या तेलाची काळी साय.

"हत्यारं काढा," अण्णा म्हणाले.

माझ्याकडे हत्यारं म्हणजे फर्निचर जोडायला मिळालेल्या तीन ॲलन की. मग घरावर धाड पडली. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर, बायकोचा भुवया कोरायचा चिमटा, मुलीचं खोडरबर, टूथपिक, कान कोरायच्या काड्या, शिवणाची सुई, औषधाच्या कपाटातलं अल्कोहोल. कामाला परात घेतली, कारण अण्णांच्या मते सुटा भाग परातीत पडला तर वाजतो. अपवाद म्हणजे पोटाखालच्या पत्र्यांच्या दोन बारीक स्प्रिंगा. त्यांतली एक चिमट्यातून सुटली आणि न वाजता गेली. व्हॅक्युमच्या तोंडाला पायमोजा बांधून मी दिवाणखान्याचा गालिचा ओढून काढला. तीळ, दोन टिकल्या आणि गेल्या दिवाळीच्या चिवड्यातला कढीपत्ता मिळाला. स्प्रिंग शेवटी अण्णांच्या स्वेटरला लटकलेली होती.

सुटं करताना एक गोष्ट मी हुशारीने केली. पुढचं चुंबक कुठलं आणि मागचं कुठलं हे विसरू नये म्हणून पुढच्यावर मार्करने ठिपका दिला. दुसरी गोष्टही हुशारीने केली. दोन्ही चुंबकं अल्कोहोलने पुसून लख्ख केली. अल्कोहोलने मार्कर जातो हे मला ठिपका गेल्यावर कळलं.

"मीटर हाय का?" अण्णांनी विचारलं. तेवढा मात्र होता.

आर्मेचरच्या बुडाशी तांब्याच्या तीन फाका असतात. तो कॉम्युटेटर, अण्णांच्या भाषेत कमिटेटर. ब्रश त्याच्यावर घासतात आणि कॉइलींना वीज मिळते. कुठल्याही दोन फाकांवर मीटर लावून विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजला तर आकडा सारखाच यायला हवा. आमचे आले 24, 24 आणि 48.

मी म्हटलं, "मीटर बिघडलाय."

अण्णा माझ्याकडे बघून कसनुसं हसले. मुलगी देताना पत्रिका पाहिली, मार्कलिस्ट पाहायची राहिली, असं ते हसणं होतं. "कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी," ते परातीत तीन टूथपिकांचा त्रिकोण मांडत म्हणाले. "तीन गावं, तीन रस्ते. प्रत्येक रस्त्याला 24 रुपये भाडं. सगळे रस्ते चालू असले की करंटाची गर्दी दोन्हीकडनं वाटून जातीया. थोडी सरळ, थोडी वळसा घालून. मग आकडा 16 येतोय. आता कोल्हापूर-सांगली रस्ता तुटला." त्यांनी एक टूथपिक उचलली. "सांगलीला जायला इचलकरंजीवरनंच जावं लागंल. 24 आणि 24, झाले 48. बाकी दोन गावांना सरळ रस्ता हाय, पर वळसा बंद झाला, म्हनून 24. एक कॉइल तुटलीया बगा."

ऑप्शनला टाकलेला प्रश्न मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एसटीच्या भाड्यातून समजला.

अण्णांच्या पेपर वाचायच्या भिंगातून रस्ता कुठे तुटलाय तेही दिसलं. तार कॉम्युटेटरच्या फाकेला जिथे जोडलेली असते, नेमकं तिथे. आता फक्त डाग द्यायचा होता, म्हणजे सोल्डर करायचं. फक्त हा शब्द अण्णांचा. तार केसाहून बारीक, तीही आखूड पडलेली. म्हणून आधी कॉइलचा एक वेढा सोडवायचा, मग टोकावरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, खरवडायचा. पाच हॉर्सपॉवरची मोटार भरणाऱ्या अण्णांनी सवयीने ब्लेड घेतलं आणि एकदाच ओढलं. टोक गेलं. आणखी एक वेढा सोडवला. दुसऱ्या वेळी मी ओढलं. पुन्हा टोक गेलं. तिसऱ्या वेढ्याला आम्ही ब्लेड सोडून बारीक पॉलिश पेपरच्या घडीत तार धरली आणि श्वास रोखून हलकेच ओढली. तांबं चमकलं. अण्णा कुजबुजले, "हलू नका." मी हललो नाही. शिंकलो.

चौथा वेढा.

अण्णांचा हात आता थोडा थरथरतो आणि मला जवळचं दिसत नाही. म्हणून तार चिमट्यात धरायला सासूबाईंना बोलावलं. त्या टीव्हीवरची मालिका अर्धी टाकून आल्या, तार धरली आणि म्हणाल्या, "लवकर करा, तिकडं तो विष पितोय." मी सोल्डरगन टेकवली. राळेचा धूर वर गेला आणि छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की सासूबाईंनी चिमटा, तार, आर्मेचर, सगळं परातीत सोडलं. ते वाजलं मात्र छान. बायको धावत आली, खुर्चीवर चढून मी अलार्मची बॅटरी काढली, आणि अण्णा त्या गोंधळात भिंगातून बघत शांतपणे म्हणाले, "डाग बसलाय."

बसला होता, पण दोन फाकांवर मिळून. मीटर शून्य दाखवू लागला. टूथपिक आणि सोल्डरगन घेऊन तो जास्तीचा थेंब मधल्या फटीतून उकरायला सव्वा तास लागला. रात्री अकराला मीटरने 16, 16 आणि पुन्हा जवळजवळ 16 दाखवलं. चार वेढे कमी होते ना. अण्णांनी ते तीन आकडे पेपरच्या समासात लिहून ठेवले.

उरलेलं सोपं होतं. तांबं खोडरबराने घासलं, फटीतला कोळसा टूथपिकने काढला, ब्रश खालून दाबणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या सुईने किंचित वर उचलल्या. जास्त उचलल्या तर मोटार अडते, कमी उचलल्या तर नुसत्या ठिणग्या पडतात. तेलासाठी मी खोबरेलाची बाटली आणली. अण्णांनी ती उलटी करून दाखवली. न्यू जर्सीच्या जानेवारीत आतल्या तेलाची वडी झाली होती. शेवटी माझ्या दाढीच्या ट्रिमरसोबत आलेल्या बाटलीतलं तेल सुईच्या टोकावर घेऊन शाफ्टला एकच थेंब दिला. जास्त झालं तर ते कॉम्युटेटरवर उतरतं आणि कार्बनची पुन्हा काळी साय होते.

अलार्मची नऊ व्होल्टची बॅटरी हाताशीच होती. पोटाखालच्या पत्र्यांना ती टेकवताच गाडी घर्रर्र करून तळहातात थरथरली. मिक्सर चालू झाल्यावर येतो तो वास आला. अण्णांनी डोळे मिटून तो ओढून घेतला, लोक अत्तर घेतात तसा.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. एक तर आनंदाने, आणि दुसरं म्हणजे बॅटरी काढली तरी घरच्या विजेवर चालणारा अलार्म दर मिनिटाला टुक करत होता.

सकाळी दिवाणखान्यात ट्रॅक मांडला. मुलगी सुट्टी असूनही उठली. अण्णांनी गाडीवर अक्षता टाकल्या, सासूबाईंनी त्या लगेच उचलायला लावल्या, कारण तांदूळ चाकात गेला तर पुन्हा मालिका बुडेल. मी कंट्रोलर दाबला. पिवळी मस्टँग सुसाट निघाली. मागे.

पूर्ण एक फेरी ती ढुंगण पुढे करून धावली आणि वळणावर सोफ्याखाली गेली. मला तो पुसलेला ठिपका आठवला. पुढचं चुंबक मागे आणि मागचं पुढे बसलं होतं. चुंबकं उलटी, म्हणून मोटार उलटी. आता पुन्हा क्लिप, पत्रा, स्प्रिंगा, व्हॅक्युमला पायमोजा...

"कशाला उघडताय?" अण्णा म्हणाले. "पंप उलटा फिरला की आपन काय करतो? कुठल्याबी दोन फेज बदलतो."

"अण्णा, इथे तीन फेज नाहीत. दोनच वायरी आहेत."

"मग सोपंच की."

त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी काढून अदलाबदल करून लावल्या. मस्टँग पुढे धावू लागली. दुपारपर्यंत तिने शंभर फेऱ्या मारल्या असतील. अण्णांनी कंट्रोलर कोणालाही दिला नाही.

चारच्या सुमाराला आजोबा आले. मी कळवलं होतं. ते बराच वेळ ट्रॅककडे नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली लाल जॅग्वार काढली, दुसऱ्या खाचेत ठेवली आणि कंट्रोलर दाबला.

जॅग्वार सुसाट मागे गेली.

आजोबांचा चेहरा पडला. साठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी वायरींचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं. सबंध मुक्कामात ते आजोबांशी इंग्रजीत एक अक्षर बोलले नव्हते. आता त्यांनी परात पुढे ओढली, भुवयांचा चिमटा उचलला आणि हात पसरला.

"मोटार राँग," अण्णा म्हणाले. "गिव्ह. आय रिपेअर."