यशात ८० टक्के ईक्यू? त्या मेसेजबद्दल खुलासा

सोलापुरात नर्सिंग आणि एमबीबीएसच्या पोरांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की यशात २० टक्के आयक्यू (बुद्ध्यांक) अन् ८० टक्के ईक्यू (भावनिक बुद्धिमत्ता), आणि ज्याचा ईक्यू चांगला तो वॉर्डात कोणाशी वाद घालत नाही. दोन्ही चूक आहे. ईक्यूवर लिहिणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमननी १९९५च्या पुस्तकात एवढंच लिहिलं होतं की आयक्यूचा वाटा फार तर २० टक्के, बाकी ८० मध्ये घरची परिस्थिती, नशीब असं बरंच काही येतं, ते सगळं ईक्यूच्या नावावर नाही, आणि हे त्यांनी नंतर स्वतः स्पष्टही केलंय.

दुसरा दावा मला जास्त घातक वाटतो. सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची ही कल्पना मांडली तेव्हा त्यात भावना ओळखणं, सांभाळणं होतं, गप्प बसणं नव्हतं. सीनियरनी डोस चुकीचा लिहिलाय असं वाटूनही फर्स्ट इयरची पोरगी "कशाला वाद" म्हणून बोललीच नाही तर भोगणार पेशंट, अक्कलकोटहून, बार्शीहून आलेला. "मॅडम, डोस एकदा बघता का, मला डाउट आहे" असं तिथंच, आवाज न चढवता विचारायचं. ड्युटी बदलण्यावरून मैत्रिणीशी खटका उडाला तर ते मात्र शांत झाल्यावर बोला, नातेवाईकांसमोर नको.