मोठी मादी परत पाण्यात जाऊ दे, पण जिवंत जाऊ दे

गेल्या रविवारी पहाटे आयलंड बीच स्टेट पार्कला गेलो होतो. न्यू जर्सीत नोव्हेंबर म्हणजे स्ट्राइप्ड बासच्या परतीचे दिवस, मेन-मॅसॅच्युसेट्सकडचे मासे थंडी वाढली की दक्षिणेला व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनाकडे निघतात आणि जाताना आपल्या किनाऱ्याला अगदी घासून जातात. भरती चढत होती, गॅनेट पक्षी वरून पाण्यात घुसत होते, म्हणजे खाली बंकर (आपल्या तारलीसारखाच तेलकट मासा) आणि त्याच्या मागे बास, हे नक्की. आणि शेजारून मराठी ऐकू आली, "अरे धर धर, शेपटीला धर!" इतकं बरं वाटलं मला, खरंच.

मासा चाळीस इंचाच्या वरचा होता. एवढी मोठी बास म्हणजे बहुतेक वेळा मादीच. तिला कोरड्या वाळूत ओढत वर आणलं, लुअरला (म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या खोट्या आमिषाला) दोन तिकडी, म्हणजे तीन टोकांचे गळ होते, एक जबड्यात आणि दुसरा कल्ल्याजवळ, ते काढेपर्यंत बराच वेळ गेला, मग फोटो, मग दुसऱ्याच्या हातात फोटो, मग मुलांच्या हातात, मग व्हिडिओ कॉल. शेवटी "साइजमध्ये बसत नाही, सोडून देऊ" म्हणून लाटेत ढकलली. ती उलटी झाली, पांढरं पोट वर करून आडवी वाहत गेली आणि सीगल जमले.

ही माणसं वाईट नव्हती हो. नियम त्यांना माहीत होता, २८ ते ३१ इंचामधला एकच मासा, माणशी दिवसाला एक, बाकी सगळं सोडायचं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी नियम पाळला. तेव्हा तिथे मी काहीच बोललो नाही आणि तेच मला आठवडाभर खातंय, म्हणून इथे लिहितोय.

मी रेवदंड्याचा. वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जायचो, जिताडा लागला की घरी सण. इथे जर्सीत एडिसनला आल्यावर पहिल्यांदा बास बघितली तेव्हा जिताड्याचाच भाऊ वाटला मला, फक्त अंगावर काळ्या रेघा. पण दोघांचं आयुष्य बरोबर उलटं आहे. जिताडा वाढतो खाडीत, नदीत आणि अंडी घालायला समुद्राच्या बाजूला जातो, बास वाढते समुद्रात आणि वसंतात अंडी घालायला नदीत चढते. मेरीलँड-व्हर्जिनियातल्या चेसापीक बेच्या नद्या, डेलावेअर, हडसन. एप्रिलमध्ये हडसनच्या मुखाजवळच्या रॅरिटन बेमध्ये जे मोठे मासे मिळतात ना, त्यातले कितीतरी हडसनच्या वाटेवर असतात.

२०१७ च्या एप्रिलमध्ये मला तिथेच ४४ इंची लागली होती. तेव्हा जर्सीत ४३ च्या वरचा एक ठेवायला परवानगी होती, मी ठेवला. पोटात गाबोळी निघाली, दोन हात भरून. रवा लावून तळली, तीन घरची माणसं जेवायला होती, सगळे खूश. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की एवढा मासा साधारण पंधरा वर्षांचा तरी असतो आणि एका वेळेला लाखो अंडी घालतो. आमच्या ताटात काय होतं ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी ३१ च्या वरची बास घरी आणलेली नाही, नियम यायच्या आधीपासून.

कुणी म्हणेल समुद्र केवढा, आपल्या एका माशाने काय होतंय. अहो, एकदा झालेलं आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हा मासा इतका कमी झाला की १९८४ मध्ये इथल्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, खास कायदा करावा लागला, १९८५ मध्ये मेरीलँडने बास पकडणंच बंद केलं आणि ती बंदी पाच वर्षं चालली. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. आता परत तीच पाळी आलीय. मेरीलँडमध्ये १९५० च्या दशकापासून दरवर्षी छोट्या जाळ्याने त्या वर्षीची पिल्लं मोजतात, जाळ्याच्या एका ओढीमागे सरासरी आकडा अकराच्या आसपास, आणि २०२३ मध्ये तो आला १, २०२४ मध्ये २. २०१९ पासून एकही वर्ष चांगलं गेलेलं नाही. हिवाळे गरम, वसंतात पाऊस कमी, नदीला जोर नाही, आणि बासची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच जगतात, गाळात बसली की संपलं. वर चेसापीकमध्ये बाहेरून आणलेला ब्लू कॅटफिश माजलाय तो वेगळाच. हवामान आपल्या हातात नाही. अंडी घालणारी मादी मात्र अक्षरशः आपल्या हातात असते, दोन मिनिटं का होईना.

आणि ३१ इंचाची वरची मर्यादा उगाच नाही आली, २०१५ ची पिल्लं हे शेवटचं दणदणीत पीक होतं, ती वाचवायला २०२३ मध्ये तातडीने आणली.

आता मुद्दा सोडण्याचा. शास्त्रज्ञ हिशेब करताना सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरतात. ऐकायला कमी वाटतं, पण पूर्व किनाऱ्यावर वर्षाला कोटींच्या घरात बास पकडून सोडल्या जातात, त्यामुळे असे मेलेले मासे घरी नेलेल्या माशांच्या जवळपास जातात, काही वर्षी जास्तच भरतात. म्हणून "मी तर सगळे सोडतो" म्हणत सकाळभर तीस-तीस मासे काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. पाच-सहा झाले की थांबा, कॉफी प्या, पक्षी बघा.

आमिष लावत असाल तर सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) सक्तीचाच आहे, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, मासा गळ सहसा गिळत नाही. पण लुअर वापरताना तिकडी काढून एकच गळ लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, एका सेकंदात निघतो. दोरा बारीक घेऊन माशाला दमवत बसण्यात काही मर्दुमकी नाही, जाड घ्या आणि लवकर आणा. कोरड्या वाळूत ओढू नका, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की रोग धरतो. हात ओले करा, जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या, फोटो गुडघाभर पाण्यात उभं राहून काढा, तुम्ही जेवढा वेळ श्वास रोखून धरू शकता तेवढाच वेळ ती पाण्याबाहेर. आणि सोडताना ढकलू नका, शेपटीला धरून तोंड येणाऱ्या पाण्याकडे ठेवा, ती स्वतः झटका देऊन जाईपर्यंत. तो झटका हाताला लागतो ना, मला तळलेल्या तुकडीपेक्षा तो जास्त आवडतो आता.

आपण कोकणातली माणसं, १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवणारी, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात न जाणारी. माशाला त्याचे दिवस द्यावेत हे आपल्याला इथल्या सरकारने शिकवायची गरज पडू नये असं मला मनापासून वाटतं. खायला घ्या की, २९-३० इंचाची एक पुरते, आगळ आणि तिरफळ घालून कालवण फार छान होतं. गरोदर बायका आणि लहान मुलांना मात्र देऊ नका, माशात साठणाऱ्या पीसीबी या विषारी रसायनांमुळे राज्याची तशी सूचना आहे.

येत्या शनिवारी उजाडायच्या आधीपासून मी परत तिथेच असेन, आयलंड बीचला. त्या दिवशी जे भेटले होते ते हे वाचत असतील तर या, राग नाहीये अजिबात. ज्यादाचे सर्कल हूक, सिंगल हूक आणि दोन पक्कडी आणतोय, मुलांनाही घेऊन या, पहिली बास त्यांच्याच हातून सोडू.