मुलगे चाळणीतून सुटतात, कारण चाळणीच तशी

खाण्याचे विकार मुलींचे, तेही पाश्चात्त्य, असं एका लेखात गृहीत धरलंय. हे गृहीतक मोजमापापासूनच बिघडलंय. हे विकार चाळून काढायला सर्रास वापरली जाणारी ईएटी-२६ प्रश्नावली बारीक होण्याच्या ध्यासावर बेतलेली. दंड-छाती भरावी म्हणून तोलूनमापून प्रोटीन खाणारा, जेवणाचं निमंत्रण टाळणारा मुलगा तिच्यात सहज निसटतो. २०१३ पर्यंत अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या विकाराच्या) अमेरिकी निकषांत पाळी थांबणंही होतं, आता बोला!

संस्कृतीबद्दल फिजीचा दाखला बघा. भरलेलं अंग तिथे कौतुकाचं. १९९५मध्ये तिथल्या नाद्रोगा प्रांतात टीव्ही आला. शाळकरी मुलींत याच प्रश्नावलीत २०च्या वर, म्हणजे धोक्याचे, गुण मिळवणाऱ्या तेव्हा १२.७ टक्के होत्या, १९९८मध्ये २९.२. अर्थात दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या आणि गट लहान, ६३ व ६५. त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही.